कोकराचं कातडं

माझे सासरे महादेवप्पा, आमचे मामा, अंगणात घसरून पडले, तवापासून अंथरुणातच हाईत. पडून पडून कमरंखाली जखम झाली. बिदरच्या नर्सबाईनं सांगितलं, कूस बदलत ऱ्हावा, आन खाली मऊ लोकरीचं कातडं घाला, न्हाईतर जखम हाडाला भिडंल. नवरा शिवशंकर सकाळीच जीपनं कमलनगरला दुकानावर जातो. मग ऱ्हायलं कोण? मीच.

थंडीनं मेलेल्या कोकराचं कातडं एका धनगरानं दिलं. ते कमवायचं कसं, हे गावातल्या गुंडप्पानं सांगितलं; तो हलगीला कातडं चढवतो.

"चुना लावू नको अक्का, लोकर झडती. आतली चरबी बोथट सुरीनं खरवड, मीठ-तुरटीच्या पाण्यात मुरू दे. मग सुकायला लागलं की ओढत, चोळत बस. पार सुकस्तोवर सोडायचं न्हाई. सोडलं की पत्रा झाला म्हणून समज."

सोडायचं न्हाई, सांगायला काय जातंय! मी गोठ्यात चोळत बसले की आतून हाक यायची, "सुधा, कूस बदल." जाऊन येईस्तोवर कातडं कडक. परत भिजवा, परत ओढा. खांदे भरून आले. जीव नुसता विटून गेला होता माझा.

शेवटी एका दुपारी कातडं उचलून मामांच्या खाटंपाशीच आणलं. मामांनी छातीवरचं इष्टलिंग मुठीत धरलं.

"गळ्यात लिंग हाय माझ्या. चामड्यावर निजणार न्हाई मी."

"बसवण्णांनी विटाळ मानू नका म्हणलंय, हे रोज मलाच ऐकवता की," मी म्हणलं. "आन मी काय हौसेनं करायलेय व्हय?"

मी ओढत ऱ्हायले. माझे हात चालंनात तसं मामा म्हणले, "आण इकडं."

कंबर गेली तरी हात शाबूत हाईत त्यांचे. उताणं पडूनच, धुणं चोळल्यागत कातडं चोळायला लागले. मी भिंतीला टेकून बघत होते. डोळा कवा लागला, कळलं न्हाई.

जाग आली तवा दारातलं ऊन गेलं होतं. कातडं मामांच्या पोटावर होतं, मऊसूत. आन मामा तसेच उताणे, दुपारी होते तसे.

"एकदाबी हाक कामून मारली न्हाई?"

"झोपली होतीस."

कूस वळवली तर चादर रगतानं जखमंला चिकटलेली. पाणी लावून लावून सोडवली. जखम पार उघडली होती, खोल. पुसली, आन कातडं खाली सारलं. मामांनी लिंगाचं नाव काढलं न्हाई.

"चांगलं झालंय गं," डोळे मिटून म्हणले. "आता सारखी हाक न्हाई मारत. जा, पड जराशी."

मी गेले न्हाई. तितंच खाटंला धरून रडले. माझ्या एका झोपंपायी त्या माणसानं जखम फाडून घेतली होती.