माझ्या पोटावरचं नाव

“विठोजीमामा याच घरात गेला, पुष्कर! शेवटचं पाणी मी घातलंय त्याच्या तोंडात. तो आखातात कसा मरेल?”

“अज्जी, दवाखान्याच्या नोंदीत तेच नाव आहे. बेंगळूरचा फिटर, तापानं मृत्यू. नरसिंहराव नावाचा माणूसच नाही तिथं.”

हे भांडण ऐकत फळीवर बसलेला मी तांब्या बोलतोय. जयनगरच्या या घरात भाग्यलक्ष्मीबाई मला रोज चिंचेनं घासतात. त्यांचा हा नातू दर रविवारी कोरमंगल्याहून येतो, आखातात वारलेल्या त्यांच्या बापाच्या, नरसिंहरावाच्या, शोधाची खबर घेऊन. उत्तर माझ्या पोटावर आहे, पण भांड्याला कोण विचारतो?

मी लग्नातला आहेर. विठोजीमामांनी बहिणीला दिलेला. आपल्या लोकांची रीत ठाऊकच आहे. भांडं द्यायचं दुसऱ्याला आणि नाव ठोकून घ्यायचं स्वतःचं! बहिणीचा नवरा नरसिंहराव तेलाच्या बंदरावर कामाला निघाला, तेव्हा तिनं मला त्याच्या ट्रंकेत घातलं.

तिथं लोखंडाबरोबर माणसंही तापायची. नरसिंहरावाचा ताप डोक्यात गेला, वाचा बसली. उशाशी मी एकटा. दवाखान्याच्या कारकुनानं एका मराठी खलाशाकडून माझ्यावरची अक्षरं वाचून घेतली आणि तेच नाव लिहून टाकलं. सोबती नागराज पोचला तोवर, जाळायचा माणूस पुरून झाला होता. नागराजनं मला तेवढं घरी आणलं. भाग्यलक्ष्मी तेव्हा पाळण्यात होती.

आज बाईंनी तावातावानं मला उचललं. अंगठा त्या ठोकलेल्या अक्षरांवरून फिरला आणि थांबला.

“हा अप्पांबरोबर गेला होता,” त्या हळूच म्हणाल्या. “मेल्यांनी तांब्या वाचला रे. नाव मामाचं, माणूस माझा बाप.”

पुष्कर म्हणाला, “म्हणजे सापडले की! सरी, ठीक आहे अज्जी, आता पुरे. नाव बदलायचं म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा पुरावे. माणूस तोच आहे ना? मग नाव कुठलं का असेना.”

बाईंनी मला फरशीवर आपटलं. पोचा आला. येऊ दे. मला मोडीत घाला हवं तर, पण त्या मातीखालच्या माणसाला त्याचं नाव द्या, एवढंच मागणं. मला ते बोलता आलं नाही. बाई बोलल्या.

“मग मी मेले की माझ्या दाखल्यावर शेजारच्या कावेरीचं नाव घाल!”