मारिसेलच्या आईचं नशीब

लेकीकडे जायचं म्हणून मी आदल्या दिवसापासून ओट्याशी उभी. नेपरव्हिलहून ॲन आर्बरपर्यंत बर्फातनं एकटी ड्राइव्ह करत आले. ऋताने दार उघडलं, डबे घेतले, "थँक्स आई" म्हणाली आणि लॅपटॉपला चिकटली. दमलीस का, पाणी हवंय का, काही म्हणजे काही नाही!

पलीकडे तिची फिलिपिनो रूममेट मारिसेल फोनवर कुणालातरी झापत होती. "बीपीची गोळी घेतलीस? खोटं नको बोलूस. डोन्ट आर्ग्यू, मामा!" मधेच एक पोर फोनवर ओरडलं, "आते! आते!"

"एवढ्यात आत्या झाली ही?" मी विचारलं.

ऋता हसली. "त्यांच्यात 'आते' म्हणजे ताई. लहानपणापासून तीच आईची आई आहे. माझा रिसर्च त्यावरच चाललाय. फिलिपिनो स्टुडंट्सना विचारायचं, घरात आईबाप कोण, ते की तुम्ही? मग स्कोअर काढायचा. हाय स्कोअर इज नॉट गुड, आई."

"नॉट गुड? अगं, मोजताय काय! दृष्ट काढा तिची."

असा जळफळाट झाला म्हणून सांगू! ती कोण कुठली बाई, तिला झापायला लेक आहे. आणि माझी एकुलती एक, तिला आईचं तोंड बघायला वेळ नाही. नशीब लागतं बाई!

ऋता आंघोळीला गेली. मी डबा गरम करायला वरचं भांडं काढलं आणि काखेत कळ आली. तोंडातून "आई गं" निघालंच.

मारिसेल धावत आली. "आंटी, काय झालं? डॉक्टरांना दाखवलंत?"

एवढं विचारलं मात्र, मी घडाघडा सगळं सांगून टाकलं. छातीत गाठ आहे, बुधवारी बायोप्सी आहे, घरी नवऱ्याला, विवेकलाही बोलले नाही. डोळे पुसत वळले, तर दारात ऋता. केस ओले.

"यू टोल्ड हर?"

"तिने विचारलं गं."

"मीपण विचारायचे! तू म्हणायचीस, काही नाही, तू अभ्यास कर. दर वेळी! मग सोडलं विचारायचं."

मारिसेलकडे ती अशी बघत होती की खाऊ की गिळू. पोरगी जळत होती, अगदी माझ्यासारखी.

"बुधवारी मी येणार," ती म्हणाली. "डोन्ट आर्ग्यू."

ती टॉवेल टाकायला आत वळली. तेवढ्यात मारिसेल हळूच म्हणाली, "आंटी, तिला नका बोलावू. एकदा हे आईला सांभाळणं सुरू झालं ना, की मग कुणी थांबू देत नाही."

कळलं मला. चांगलं कळलं. पण त्या 'डोन्ट आर्ग्यू'साठी माझे कान किती आसुसले होते, ते तिला काय माहीत!

"ऋता," मी हाक मारली, "सकाळची अपॉइंटमेंट आहे. आदल्या दिवशीच ये."