समोरची पाटी

इंग्रज साहेबाच्या शाळेत परीक्षा एकट्याने द्यायची, आणि विणकर आळीत एकट्याने काही करायचंच नसतं. तिथे शिकवणाऱ्या बाईंची पंचाईत झाली ती इथे.

दुकानदारांची पोरं साहेबाच्या पद्धतीत चटकन रुळली. कोपराने पाटी झाकायची सवय त्यांना जन्मजातच! सुतारांची पोरं बाईंनी काढून दिलेलं हुबेहूब गिरवायची. पण विणकरांच्या मुली? त्यांच्या रुंद मागावर दोन टोकांना दोघी बसतात. एकीने आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा, दुसरीने झेलायचा, आणि धागा सुटला की समोरचीने थांबवायचं. वर्गातही त्या तशाच समोरासमोर बसल्या. एक सांगायची, दुसरी लिहायची, मग उलट. बाई पडल्या लोहाराच्या लेक, तापट. आधी चांगल्या खवळल्या. मग बघतात तर गणितं धडाधड सुटताहेत, तेव्हा मुकाट्याने तेच चालू ठेवलं.

तपासणीला आलेले साहेब मात्र भडकले. "ही तर शुद्ध नक्कल! मुलींचा वर्ग उद्यापासून बंद."

 बाईंनी दारोदार फिरून, एकेका आईची मनधरणी करून जमवलेल्या या मुली. वर्ग बंद झाला की परत मागावर, त्या कायमच्याच.

नक्कल सिद्ध करायला साहेबांनी सगळ्यांत बारक्या चिमणीला एकटीला पुढे बसवलं आणि भलामोठा गुणाकार घातला. चिमणीने पाटीला हातही लावला नाही.

"समोर कुणीच नाही," ती पुटपुटली.

"मग तुम्हीच बसा की, साहेब!" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

साहेबही इरेला पेटले. पाटी घेऊन बसले समोर. चिमणी सांगू लागली, साहेब लिहू लागले. मध्येच तिने पाटीवर हात ठेवला.

"थांबा. हातचा विसरलात."

"मी? शक्यच नाही!"

बघतात तर खरंच विसरलेला. साहेबांचे कान लालबुंद झाले. वर्गात खसखस पिकली.

"आता तुम्ही सांगा, मी लिहिते," चिमणी म्हणाली. साहेबांनी शोधून शोधून कठीण गणित घातलं. पोरीने ते बिनचूक सोडवलं. आता नक्कल म्हणायची तरी कुणाची? समोर साक्षात साहेब, आणि तेही चुकलेले!

"वर्ग चालू राहील," साहेब कसेबसे म्हणाले. "आणि परीक्षा जोडीनेच."

बाईंना तर नाचावंसं वाटलं. साहेब टोपी घालून दाराशी पोचले, तेवढ्यात चिमणीने हाक मारली.

"साहेब, तुम्ही शाळेत एकटेच बसायचात? मग तुम्हाला थांबवायचं कोण हो?"