नळीवरचा चिमटा

जिना चढताना बांबूच्या छातीत उजवीकडे कळ आली, तेव्हा तो म्हणाला, "उसण भरली असेल, ताई." बांबू म्हणजे माझा धाकटा भाऊ. सहा फूट उंची आणि अंगावर मांस नावालाच. पण जिना संपला तरी त्याला एक वाक्य सलग बोलता येईना. मी त्याला तडक दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप डावीकडे ठेवला, उजवीकडे ठेवला, पुन्हा डावीकडे. "उजवीकडे श्वास ऐकूच येत नाही." एक्स-रेत उजवं फुप्फुस मुठीएवढं आक्रसलेलं दिसलं.

"मी काहीच... केलं नाही हो," बांबू म्हणाला.

"करावं लागत नाही. उंच, सडपातळ मुलांच्या फुप्फुसावर कधी बारीक फोड असतो. तो फुटला की हवा छातीत साठते आणि फुप्फुस दबतं."

"म्हणजे पंक्चर."

"तेच."

जागा बधिर करून त्यांनी बरगड्यांमधून नळी घातली. तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्याखाली ठेवलं, म्हणजे हवा बाहेर पडेल, पण आत येणार नाही. भराभर बुडबुडे आले. अशा बाटल्या मी प्रयोगशाळेत रोज जोडते. मला जरा धीर आला.

दुपारी पुन्हा एक्स-रे काढायचा होता. वॉर्डातले मामा व्हीलचेअर घेऊन आले. खाटेला एक चिमटा अडकवलेला होता. तो मी नळीला लावला आणि मग बाटली उचलली. भांडं हलवायचं तर आधी नळी बंद, ही माझी वीस वर्षांची सवय.

कॉरिडॉरच्या मध्यावर बांबूने माझं मनगट धरलं. "ताई... पुन्हा..." त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या, ओठ निळसर. मी बाटलीकडे पाहिलं. पाणी निवांत होतं. फुप्फुसाचं भोक बुजलं असेल, असं क्षणभर वाटलं. मग चिमटा दिसला.

हवा गळतच होती. वाट मी अडवली होती.

चिमटा काढताना बोटं दोनदा निसटली. तो सुटला आणि पाणी खदखदलं. मामांच्या हाकेने सिस्टर धावत आल्या.

"चिमटा कोणी लावला?"

"मी."

"बुडबुडे येत असताना नळी कधीच बंद करायची नाही, बाई! बाटली छातीच्या खाली धरायची, बस."

बांबूने चार-पाच श्वास घेतले. "ताई," तो म्हणाला, "प्रयोगशाळेतले उंदीर संपले वाटतं?"

सिस्टरनी हात पुढे केला. मी चिमटा त्यांच्या हातावर ठेवला आणि बाटली खाली धरून चालू लागले. बुडबुडे येत होते.