मैदान सुरक्षित आहे

आमच्या श्वानपथकाच्या इमारतीत चोवीस खोल्या आहेत आणि कुत्री एक. थट्टा नाही करत, हवं तर येऊन मोजा. बारा नंबरच्या खोलीत मोडक्या खुर्च्या आहेत, सतरामध्ये अधिकारीसाहेबांचा जुना फ्रिज. दारावर पितळी पाटी, आणि तिच्यावर उद्घाटन करणाऱ्याचं नाव माझ्या पंजाएवढ्या अक्षरांत.

उद्घाटन कडकने केलं होतं. हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण आता त्याची आईसुद्धा त्याला याच नावाने हाक मारत असेल. पहिल्या निवडणुकीत ‘दहशतवाद्यांना कडक उत्तर देऊ’ म्हणून त्याने टेबलावर मूठ आपटली आणि तेव्हापासून भिंतीभिंतीवर तीच मूठ. त्याच्या प्रत्येक भाषणात एक वाक्य ठरलेलं, ‘आम्ही श्वानपथक तिप्पट केलं.’ खोटं नाही हो! खोल्या आठ होत्या, त्या चोवीस झाल्या. कुत्रीही तेव्हा आठ होती. दोन म्हातारपणाने गेली, पाच मंत्र्यांच्या बंगल्यांवर पाठवली, तिथे ती सोफ्यावर झोपून बिस्किटं खातात. राहिली मावशी.

मावशी नऊ वर्षांची, काळी, जाड, घोरणारी. कागदोपत्री तिला नंबर आहे, पण सगळे मावशीच म्हणतात, कारण ती कोणाच्याही खोलीत न विचारता शिरते आणि जेवायच्या वेळेला बरोबर हजर होते. तिचं काम एकच. हुंगत जायचं आणि स्फोटकाचा वास आला की गुपचूप खाली बसायचं. भुंकणं नाही, उकरणं नाही. ती बसली की आम्ही माणसं पळायला मोकळी. मी तिच्याबरोबर सात वर्षं आहे आणि कुत्र्यांबरोबर अठ्ठावीस. बायको म्हणते, पाहुणे आले तरी तुम्ही त्यांना ‘बसा’ नाही, ‘बस’ म्हणता.

आता कुत्र्याचं नाक म्हणजे काही देवाची देणगी नाही, की एकदा मिळाली आणि जन्मभर पुरली. त्याला सराव लागतो. दर सहा महिन्यांनी सरकारी कोठारातून ताज्या स्फोटकाचा नमुना यायला हवा, एका पत्र्याच्या डब्यात, रबरी कड्याच्या झाकणाचा. शेवटचा डबा आला त्याला चार वर्षं झाली. मी अकरा पत्रं लिहिली. अकराही वेळा उत्तर आलं, ‘विषय विचाराधीन आहे.’ एवढा विचार तर मी लग्न करतानाही केला नव्हता.

तरी मावशी प्रत्येक प्रात्यक्षिकात पास. शाळेत दाखवा, पाहुण्यांना दाखवा, डबा कुठेही लपवा, पठ्ठी बरोबर त्याच्यासमोर जाऊन बसायची. वर्तमानपत्रात फोटो यायचा. मीही छाती फुगवून उभा.

मागच्या आठवड्यात मला काय अवदसा आठवली कोण जाणे. बायकोचा भाऊ दगडखाणीत सुरुंग लावतो. त्याला म्हटलं, दाजींवर एक उपकार कर, नखाएवढा ताजा माल दे. त्याने दिला, कसा ते विचारू नका. तो मी चौदा नंबरच्या खोलीत गोणपाटाखाली ठेवला आणि मावशीला सोडलं. ती आली, गोणपाट हुंगलं, एकदा शिंकली आणि पुढे गेली. मी पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर ती माझ्याकडे बघून जांभई देऊन मोकळी झाली. मग मनात पाल चुकचुकली म्हणून मी आमचा जुना डबा आणला, आतला वाळलेला नमुना काढून टाकला, डबा घासून पुसून कोपऱ्यात ठेवला. रिकामा डबा. मावशी तीरासारखी गेली आणि त्याच्यासमोर बसली, बिस्किटासाठी तोंड वर करून.

चार वर्षं आम्ही तिला झाकणाच्या रबराचा वास शिकवत होतो. नमुन्याचा वास कधीच मेला होता. आणि बॉम्ब ठेवणारा काही आमच्या डब्यात बॉम्ब ठेवणार नाही.

अधिकारीसाहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, ‘सभा होऊन जाऊ दे, मग बघू.’

सभा म्हणजे कडकची. मैदानावर, शनिवारी दुपारी. आणि बुधवारी बाजारातल्या मुतारीत चिठ्ठी सापडली होती, ‘शनिवारी भेटू.’ कोणा टवाळाचं काम असेल, असं साहेब म्हणाले. असेलही. पण दोन वर्षांपूर्वी याच बाजारात स्फोट झाला, तेव्हा आधी अशीच चिठ्ठी आली होती. सात माणसं गेली. कागदावर तो गॅस सिलिंडरचा स्फोट आहे. म्हणूनच कडक सगळीकडे सांगत फिरतो, ‘माझ्या काळात एकही दहशतवादी हल्ला नाही.’ समोरच्या दुकानाच्या भिंतीतून खिळे मी माझ्या हाताने उपटलेत, बोटबोट लांबीचे. सिलिंडरमध्ये कोणी खिळे भरत नाही.

शनिवारी सकाळी चहा घेताना बायकोला सगळं सांगितलं. ती चौथीच्या वर्गाला शिकवते. प्रत्येक शाळेने साठ मुलं आणायची, पहिल्या रांगांत बसवायची, हातात मुठीचं चित्र द्यायचं, असं परिपत्रक निघालं होतं. ऐकता ऐकता तिचा चहा निवला.

‘म्हणजे तुमच्या मावशीला काही कळतच नाही?’

‘रबर कळतं.’

‘विनोद नका करू हो. मी साठ लेकरं घेऊन बसणार आहे तिथे.’

‘नेऊ नकोस.’

‘मुख्याध्यापकांना काय सांगू? नवऱ्याचं कुत्रं नापास झालंय?’ ती उठली, ओट्यापाशी गेली, परत आली. ‘हे बघा, दारावर तुमचा तो कागद लावतात ना, मैदान तपासलं म्हणून? त्यावर तुमची सही असते?’

असते. लोकांना विश्वास वाटावा म्हणून कडकनेच ती पद्धत पाडली. ‘मैदान तपासले आहे. मैदान सुरक्षित आहे.’ खाली तपासणाऱ्याची सही.

‘मग ठरलं,’ ती म्हणाली. ‘मी दारावर येऊन कागद बघीन. तुमची सही असेल तर मुलं आत नेईन. नसेल तर त्यांना तशीच परत फिरवीन, मग मुख्याध्यापक माझं काय करायचं ते करोत. तुम्हाला खात्री नसेल तर सही करू नका. शपथ घ्या.’

मी तिच्या गळ्याची शपथ घेतली.

मैदानावर दहाला पोचलो. मी मावशीला मंचाखालून, खुर्च्यांमधून, जनरेटरभोवती फिरवलं. कशाचाच तिला पत्ता नव्हता. पहिल्या रांगांच्या बाजूला पाण्याच्या बाटल्यांची खोकी रचली होती, चार-पाच फूट उंच. तिथे ती थांबली. नाक लावलं. एकदा शिंकली आणि पुढे गेली.

चौदा नंबरच्या खोलीतही ती अशीच शिंकली होती. धूळ असेल, मैदानात धूळच धूळ होती. पण मी खोकी उघडायला लागलो. वरच्या दोन ओळी उघडल्या, बाटल्याच निघाल्या. तिसरीला हात घातला तोवर अधिकारीसाहेब आले, मागे कागद घेतलेला शिपाई.

‘काय चाललंय? सही कर, गेट उघडायचंय.’

‘सगळी खोकी बघतो साहेब. आणि सही नाही करणार. तुम्हाला सांगितलंय ना, तिला वास येत नाही.’

त्यांनी शिपायाला लांब पाठवलं. आवाज एकदम गोड केला. मला या माणसाचा रागावलेला आवाज परवडतो.

‘बरं. मग मी शेरा मारतो, कुत्री निकामी. निकामी कुत्र्याला काय देतात ते तुला माहीत आहे, सुई तूच धरतोस. नमुना चार वर्षं शिळा, हे तू प्रात्यक्षिकात कधी बोलला नाहीस, म्हणजे चौकशी तुझी. तुझी दोन वर्षं राहिलीत ना? पेन्शन विसर. आणि एवढं करून सभा थांबणार आहे का? नाही. तुझ्याऐवजी मी सही करीन.’

मावशी माझ्या बुटावर हनुवटी टेकून बसली होती. आता सांगताना मी तिचंच नाव पुढे करतो, तिच्या जिवासाठी केलं म्हणतो. पण खरं सांगू? पेन्शनसुद्धा डोळ्यांपुढे होतं. तेच आधी होतं.

मी सही केली.

कागद घेऊन शिपाई गेला, आणि मला थेट मंचामागे बोलावलं. कडकला मावशी मंचावर हवी होती. मी म्हटलं, पाच मिनिटं द्या, गेटवर जाऊन येतो. साहेबांनी माझा दंड धरला आणि सोडला नाही. मला हिसडा देता आला असता. दिला नाही. मंचाच्या पडद्यातून मला गेट दिसत होतं. बायको आली. मागे दोन-दोनची रांग, मुलांनी एकमेकांचे हात धरलेले. ती कागदापाशी थांबली, चष्मा वर केला आणि सावकाश वाचला. मग वळून मुलांकडे बघून हसली आणि त्यांना आत घेऊन आली. पहिली रांग, पाण्याच्या खोक्यांना लागून.

मंचावर तीन पिशव्या ठेवल्या होत्या. एकीत आमचा डबा. मावशी पहिली हुंगून गेली, दुसरी हुंगून गेली, तिसरीपाशी ऐटीत बसली. मैदान दणाणलं. एवढ्या टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. कडक माझ्या खांद्यावर हात टाकून माइकमध्ये म्हणाला, ‘बघा हे नाक! जे म्हणतात आम्ही नुसतं बोलतो, त्यांनी बघावं! हे पथक आम्ही तिप्पट केलं. माझ्या काळात एक फटाका तरी फुटला का?’ ‘नाही!’ असं सगळे ओरडले. मग माइक माझ्या तोंडाजवळ आला. ‘सांग बाबा लोकांना. मैदान कसं आहे?’

समोर बायको होती. हातातलं चित्र मांडीवर ठेवून ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी आमच्या मुलीच्या बक्षीस समारंभात बघायची. अभिमानाने. तिला वाटलं, मी शपथ पाळली.

‘सुरक्षित आहे,’ मी म्हणालो. माझा आवाज चारही कोपऱ्यांतून माझ्याकडे परत आला.

मंचावरून उतरलो ते सरळ तिच्याकडे. कडकचं पुढचं भाषण सुरू झालं होतं, कोणाचं लक्ष नव्हतं. ती हळूच म्हणाली, ‘अहो, जमलं की तिला! घाबरवलं नुसतं मला सकाळी.’

‘तिने डबा शोधला,’ मी म्हटलं. ‘डबाच शोधला गं. नेहमीचा. आणि ही खोकी... इथे ती शिंकली. मी पूर्ण उघडून नाही बघितली.’

तिने माझ्याकडे बघितलं. रडली असती, ओरडली असती, एक कानाखाली ठेवून दिली असती तरी मी देवाचे आभार मानले असते. ती उठली आणि मुलांना म्हणाली, ‘चला, जोड्या करा. हात धरा. कोणी धावायचं नाही, कोणी बोलायचं नाही.’ साठ मुलं उभी राहिली. मीही मावशीचा पट्टा धरून तिच्यामागे निघालो.

‘तुम्ही कुठे?’ ती वळली. ‘ही एकच शाळा आहे का इथे? बाकीच्यांची लेकरं कोणी बघायची? सही तुमची आहे. तुम्ही इथेच थांबा.’

आणि ती गेली. दोन-दोनची रांग गेटातून बाहेर पडताना मी बघत राहिलो. शेवटची जोडी दिसेनाशी झाली.

मग मी दुसऱ्या शाळेच्या बाईंकडे गेलो. म्हटलं, ‘ताई, मुलांना बाहेर न्या. मैदान नीट तपासलेलं नाही.’

त्या हसल्या. ‘अहो, काहीतरीच काय! आत्ता तुम्हीच तर सांगितलंत माइकवर.’

‘खोटं सांगितलं.’

‘दारावर सहीसुद्धा तुमचीच आहे की,’ त्या म्हणाल्या, आणि आता हसत नव्हत्या, मला दारू चढलीय की काय अशा नजरेने बघत होत्या. तिसऱ्या शाळेच्या गुरुजींनी माझं बोलणं पुरतं ऐकलंसुद्धा नाही. त्यांनी मोबाइल काढला आणि मुलांना मावशीभोवती उभं केलं, फोटोसाठी. मुलं तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मंचाजवळून अधिकारीसाहेब दोन शिपायांना माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते.

मी गुरुजींच्या हातात मावशीचा पट्टा दिला. म्हटलं, ‘हिला लांब फिरवून आणा, मुलांनाही बरोबर न्या, तिला मुलं फार आवडतात.’ ते आनंदाने गेले, पन्नास-साठ मुलं मावशीच्या मागे. एवढंच जमलं. अजून सहा शाळा बसल्या होत्या, मुठी वर करून ओरडत होत्या. शिपाई गर्दीतून वाट काढत येत होते. मी खोक्यांपाशी गुडघे टेकले, वरच्या ओळी हाताने बाजूला सारल्या आणि तिसऱ्या ओळीतलं पहिलं खोकं उघडायला घेतलं.