तपासनीतला न

कोणाचा विश्वास बसणार नाही, पण सैन्याची चार हजार हेल्मेटं मी एका शिंकेने बाद केली. पेपरात फोटो मात्र आला माझ्या साडूचा. हेल्मेटांबद्दल पत्र लिहिलं म्हणून त्याला काढलं होतं, ती चूक सरकारने अकरा वर्षांनी कबूल केली आणि त्याला सन्मानाने नोकरीवर परत घेतलं. फोटोत पोट आत ओढून उभा आहे. असो. मला काही वाटत नाही.

काल त्याच्याच घरी आम्ही चहाला जमलो होतो. जो तो त्याच्याकडे बघतोय, माझी बायकोसुद्धा. "असं पत्र लिहायला छाती लागते," म्हणाली. म्हटलं, आता खरं काय ते सांगूनच टाकू.

आम्ही दोघं सैन्याच्या गोदामात तपासणी कारकून. कंपनी नमुना म्हणून पाच हेल्मेटं वेगळी पाठवायची. त्यांच्यावर लोखंडी गोळा टाकायचा, तडा गेला नाही की सगळ्या मालावर शिक्का.

"एक दिवस मी नमुना सोडून मालातलंच हेल्मेट उचललं," मी सुरू केलं. "गोळा हातात घेतो न घेतो तोच शिंक आली. हेल्मेट भोपळ्यासारखं उकललं!"

"नुसत्या शिंकेने?" बायको म्हणाली.

"सर्दी जोराची होती."

सगळे हसले. साडूही हसला, तेवढं मला आवडलं नाही.

"हा म्हणाला, आधी साहेबांना विचारू. मी म्हटलं, बाबा रे, हेल्मेट साहेबांच्या नाही, पोरांच्या डोक्यावर जाणार आहे."

"हे तर मी म्हणालो होतो," साडू हळूच म्हणाला.

"माझ्याकडूनच ऐकून! मग मीच वर निनावी पत्र लिहिलं. लिहिणारा ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम 'तपासणी'चं 'तपासनी' केलं. पत्र फिरत फिरत आमच्याच साहेबांच्या टेबलावर आलं. त्यांनी तेरा कारकुनांना ओळीने बसवून मजकूर लिहून घेतला. मी पुन्हा 'न'च काढला, म्हटलं धरा मला! पण माझं शुद्धलेखन पक्कं, हे अख्ख्या गोदामाला ठाऊक. कोण मानतो? हा शेजारी बसलेला. याने सवयीने 'तपासनी' लिहिलं आणि माझ्या वाटची बडतर्फी हा घेऊन गेला. तेव्हा बडतर्फी नेली, आता मानही..."

मेहुणीने कप खाली ठेवला.

"भावोजी, हे शेजारी कसे बसतील? त्या दिवशी हे तापाने फणफणून घरी पडले होते. साहेबांची गाडी थेट आमच्या दारात आली. कोणाकडून काही लिहून घेतलंच नव्हतं, बाकीच्या अकरा जणांच्या घरी जाऊन विचारलंय मी." ती माझ्यावरची नजर काढेना. "तो 'न' यांचा आहे, हे साहेबांना तुम्ही सांगितलंत."