सातवी चकती

“बाईसाहेब, भिंत सोडा. तुम्ही धरली नाहीत तरी ती पडायची नाही,” मिस्त्री म्हणाले, आणि माझी सहा वर्षांची लेक खुदकन हसून सरळ उभी राहिली.

उजवा पाय तिचा स्वतःचा. डावा, गुडघ्याखालचा, मिस्त्रींनी केलेला. जन्मापासून तो नव्हताच. रुग्णालयाच्या मागे, जिथे चादरी धुतात त्याला लागून त्यांची कार्यशाळा. एकोणतीस वर्षं ते तिथे पाय करत होते. मोठ्यांचे दणकट लाकडाचे, पोरांचे बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचे.

“उचलून बघा, ताई,” पहिल्या भेटीत त्यांनी वीतभर ठोकळा माझ्या तळहातावर ठेवला होता. तळहाताला काही जाणवलंच नाही. “यात लाकूड कमी, हवाच फार. झाड असं भराभरा वाढतं की भरीव व्हायला त्याला सवडच नाही. पाच-सहा वर्षांत कापायला तयार. नखाने खूण पडते, पाणी प्यायलं की फुगतं, म्हणून वरून कापड आणि राळ. पण पोरांना पाय उचलायचा असतो, ओढायचा नसतो.”

दर तीन महिन्यांनी आम्ही जायचो. खरा पाय जेवढा वाढला असेल तेवढ्या जाडीची चकती ते लाकडी नडगीत बसवायचे. त्या जागी रंग मात्र द्यायचे नाहीत. पोरांना आपल्या चकत्या मोजायच्या असतात, म्हणायचे. लेक गल्लीभर फ्रॉक वर करून दाखवत फिरायची. “इथे मी मोठी झाले, इथे आणखी मोठी झाले.”

मी काळजी करणारी बाई. उकळलेलं पाणी पुन्हा उकळायची. ताप नसताना कपाळाला हात लावायची. नवरा म्हणायचा, “तुझ्या काळजीनेच आजारी पडेल ती.” ती जेवेनाशी झाली, दोन जिन्यांत दमायला लागली, तेव्हा मी डॉक्टरांकडे निघालेच होते. पण त्याच आठवड्यात सहावी चकती लागली. पोर वाढतंय म्हणजे ठीक असणार, असं मी मनाला समजावलं. तीन महिन्यांनी सातवी लागली, आणि मी कधी नव्हे ती निर्धास्त झाले.

त्यापुढच्या भेटीत मिस्त्रींनी माप घेतलं. पुन्हा घेतलं. मग तिला बाहेर उन्हात पायरीवर बसवून आत आले.

“ताई, पोरगी वाढली नाही.”

“तीन महिन्यांत नसेल वाढली.”

“तीन नाही, नऊ.” ते हातातल्या कानशीकडे बघत होते. “मागची चकती खोटी होती. त्याच्या मागचीही. वर लावली आणि तेवढंच तळाकडून तासून टाकलं.”

मला कळेचना. “का पण?”

“रडायला लागली ओ ती. माझी चकती कुठाय म्हणून. पोरं थांबतात मधेच, मग एकदम ताडमाड होतात. लई पाहिलीत मी. म्हटलं, पुढच्या खेपेला खरी लावू.”

“त्या चकतीवर विसंबून मी डॉक्टरांकडे गेले नाही!” माझा आवाज चिरकला. “लाकूडच तासायचं होतं ना तुम्ही? माझ्या लेकीचं आयुष्य कशाला तासलंत?”

“हो,” ते म्हणाले. नुसतंच “हो”.

दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती. “आधी आला असतात तर...” एवढं बोलून डॉक्टर थांबले. पुढचं त्यांनी कधीच सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चौदा आठवडे ती रुग्णालयाच्या खाटेवर होती. शेवटी शेवटी तिला तो पायही उचलवेना. “आई, हा जड झालाय गं,” ती म्हणाली. मी पट्टे सोडून तो मांडीवर घेतला, आणि “हो, झालाय खरा,” म्हणाले.

ती गेल्यावर सात महिन्यांनी मी कार्यशाळेत गेले. काय काय बोलायचं ते वाटेत घोकत गेले होते.

मिस्त्री एका लहानग्या मुलाचं माप घेत होते. मला पाहून उठायला लागले. मी मान हलवली, तसे परत बसले. मग त्या मुलाच्या आईच्या हातात त्यांनी पट्टी दिली.

“आता तुम्ही घ्या.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“कळतं. आकडा मोठ्याने वाचा.”

तिने वाचला. मिस्त्रींनी भिंतीवरच्या, मुलाची मापं लिहिलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. “आता मागचा वाचा.”

तिने वाचला. दोन्ही आकडे एकच होते.

“डॉक्टरांना दाखवून या,” ते म्हणाले. “आजच. इथूनच जा.”

“आणि माझी चकती?” मुलाने विचारलं.

“आज नाही, राजा.”

मुलाचा ओठ थरथरला आणि त्याने भोकाड पसरलं. आई त्याला उचलायला वाकली. मिस्त्री त्याच्यासमोर फरशीवर बसले, हात स्वतःच्या मांड्यांवर घट्ट दाबून, आणि त्यांनी त्याला रडू दिलं.